पावसाळी वाऱ्यात खडखडणाऱ्या स्लायडिंग खिडक्या: आधी काय तपासावे?

प्रश्न
मुंबईत समुद्राच्या बाजूला सोळाव्या मजल्यावर आमची सदनिका असून दिवाणखान्याची आणि झोपायच्या खोलीची खिडकी पश्चिमेकडे आहे. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दोन शटरच्या आहेत. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा थेट आदळतो, तेव्हा शटर रात्रभर खडखडतात, झोत वाढला की बारीक शिट्टी वाजते आणि खिडकी बंद असूनही पडदा हलत राहतो. एक कारागीर सगळीकडे सिलिकॉन भरा म्हणतो, दुसरा दुहेरी काच सुचवतो. खर्च करण्यापूर्वी काय पाहावे?

प्रतिसाद १
खडखड आणि शिट्टी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. शटर ट्रॅकमध्ये सैल असले की खडखडते आणि अरुंद फटीतून हवा जोराने घुसली की शिट्टी वाजते. पडदा बाजूला बांधून, वारा असताना पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवावी. धूर दोन शटरच्या मधल्या जोडापाशी वाकत असेल, तर तिथली वूल पाइलची केसाळ पट्टी धूळ आणि खारी हवा खाऊन चपटी झालेली असते. जुन्या पट्टीचा तुकडा दुकानात नेऊन त्याच रुंदीची आणि मूळ उंचीची पट्टी आणावी, कारण जास्त उंच पट्टी बसवली तर शटर सरकेनासे होते. त्याच वेळी खालच्या चाकांचे स्क्रू फिरवून शटर समपातळीत आणावे. सिलिकॉनची जागा चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात आहे, तीही सांधा पूर्ण कोरडा असताना. खालच्या ट्रॅकमधली पाणी बाहेर जाण्याची छिद्रे मात्र कोणालाही बुजवू देऊ नका, नाहीतर साचलेले पाणी घरात उतरेल.

प्रतिसाद २
वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून एरवी शांत असणारी खिडकी वादळी रात्री अचानक हादरू लागते. ताशी 36 किलोमीटर वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे 60 न्यूटन दाब येतो, 72 ला सुमारे 240. म्हणजे दीड चौरस मीटरच्या शटरवर 36 किलो वजनाइतका रेटा. शटर सैल असताना दुहेरी काच बसवणे हा माझ्या मते पैशांचा अपव्यय आहे, कारण फटी तशाच राहतात आणि वाढलेले वजन जुन्या चाकांना पेलेलच असे नाही. बदलायचेच असेल, तर बिजागरीवर उघडणारी, अनेक ठिकाणी कुलूपबंद होऊन रबरावर दाबून बसणारी खिडकी घ्यावी. मात्र इमारतीचे बाह्यरूप बदलत असल्याने सोसायटीची लेखी परवानगी आधी मिळवावी.

प्रश्नकर्ता
उदबत्तीचा धूर मधल्या जोडापाशीच वाकला, भिंतीचा सांधा ठीक दिसतो. पट्टी बदलून घेतो. न्हाणीघरातल्या काचेच्या झडपाही वाजतात आणि तिथे गॅस गिझर आहे. त्या कायमच्या बंद केल्या तर चालेल का?

प्रतिसाद १
अजिबात नाही. हवा खेळती नसेल, तर गॅस गिझरमुळे बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो जिवावर बेततो. त्या झडपा उघड्याच ठेवा. काचा क्लिपमध्ये सैल असतील, तर कडेला पातळ रबराची पट्टी लावून घट्ट बसवा, तेवढ्याने आवाज बराच कमी होईल.