सल्ला हवा: पिंपात मुरवलेली, फळ घातलेली स्टाऊट. माणसं सहा, बजेट ४० डॉलर

नेपरविलची_नीता
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोठे दीर आणि जाऊबाई नाशिकहून आमच्याकडे येत आहेत. भाऊजी द्राक्षबागायतदार आहेत, वाइनची त्यांना चांगली पारख आहे. त्यांना वाइन पाजण्यात अर्थ नाही, म्हणून शिकागोच्या मातीतलं काहीतरी चाखवायचं मनात आहे. बोर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात मुरवलेली आणि रास्पबेरी घातलेली स्टाऊट, म्हणजे काळी जड बिअर, मी एका मैत्रिणीकडे घोटभर घेतली होती. जेवणानंतर गोडाऐवजी देता येईल अशीच होती ती.

प्रश्न असे: कुठलं फळ चांगलं लागतं? बाटली कुठली घ्यावी? वाढायची कशी? बजेट सगळं मिळून ४० डॉलर, त्यावर जायचं नाही. पिणारे सहा जण. पुतण्या २० वर्षांचा आहे, इथे २१ ची अट आहे, त्यामुळे तो मोजलेला नाही. जाऊबाईंना दूध पचत नाही, हेही सांगून ठेवते.

बॅरलबहाद्दर
नीताताई, शिकागोत राहून हा प्रश्न पडायलाच नको. गूज आयलंड या इथल्या ब्रुअरीची (बिअर बनवणाऱ्या कंपनीची) बोर्बन काउंटी स्टाऊट! थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, ब्लॅक फ्रायडेला बाहेर पडते. १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. तिचे फळवाले प्रकार दर वर्षी बदलतात. २०१८ ची मिडनाइट ऑरेंज, २०१९ ची मोन शेरी (चेरी आणि ओट्स), २०२२ ची सर आयझॅक्स (अंजीर), २०२३ ची बॅकयार्ड (बेरींची), सगळ्या माझ्या तळघरात आहेत. शिवाय प्रोप्रायटर्स नावाची बाटली असते, ती फक्त शिकागोत विकतात. पाहुण्यांना तीच द्या, त्यांना सांगायला गोष्ट मिळेल.

आणि नोव्हेंबरात फोबॅबचं तिकीट काढा. लाकडात आणि पिंपात मुरवलेल्या बिअरचा उत्सव आहे तो, छोट्या छोट्या मापात कितीतरी प्रकार चाखता येतात. मी एकही वर्ष चुकवत नाही.

नेपरविलची_नीता
धन्यवाद, पण नोव्हेंबरात पाहुणे इथे नसतील. आणि ४० डॉलर.

डोंबिवली_ते_डेट्रॉइट
फळ म्हणाल तर चेरी. तीही गोड काळी चेरी नको, आंबट माँटमोरेन्सीच हवी. अमेरिकेतल्या आंबट चेरीचा बहुतांश माल आमच्या मिशिगनमधून येतो, ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपासच्या बागांमधून. २०१२ साली मार्चमध्येच ऊन तापलं, झाडं वेळेआधी फुलली आणि एप्रिलच्या थंडीत मोहर जळाला. त्या वर्षी जवळजवळ सगळं पीक गेलं होतं. तुमच्या दिरांना हे नक्की सांगा. अवकाळीनं बाग गेलेला माणूस ती चेरी वेगळ्या मनाने चाखेल.

बेल्सची चेरी स्टाऊट घ्या, कॅलमझूची. ७ टक्के, किंमत आवाक्यात. आमच्याकडे हिवाळ्यात हीच असते.

बॅरलबहाद्दर
बेल्सची चेरी स्टाऊट पिंपात मुरवलेली नाही. ताईंनी शीर्षकातच पिंप लिहिलंय.

डोंबिवली_ते_डेट्रॉइट
चेरी आहे, स्टाऊट आहे, बजेटमध्ये आहे. तुमच्या प्रोप्रायटर्ससाठी रांगेत उभं राहावं लागतं, त्याचं काय?

शॉमबर्गचे_काका
मी या देशात आलो तेव्हा बिअर म्हणजे बिअर होती. आता केळं घालतात, बिस्किटं घालतात, उद्या लाडू घालतील. १४ टक्के म्हणजे वाइनइतकी कडक झाली. गोड हवं असेल तर श्रीखंड करा, आणि बिअर हवी असेल तर फ्रीजमधून बर्फासारखी थंड काढून प्या.

एक सांगतो. मुलाने गेल्या उन्हाळ्यात ब्लॅकबेरीची अशीच एक बाटली आणली होती, कंपनी छोटी होती, नाव घेत नाही. ती गॅरेजमध्ये राहिली. झाकण काढताच निम्मी बाटली फेस होऊन छतापर्यंत गेली. जांभळे डाग पुसले जात नाहीत, छत रंगवायला माणूस बोलवावा लागला. त्याचे पैसे बाटलीच्या कितीतरी पट. तेव्हा विचार करून घ्या.

मृणाल_म
काका, ते का झालं ते सांगते, नीतालाही उपयोग होईल.

फळात साखर असते. स्टाऊट मुरून तयार झाल्यावर फळ घातलं की तिथे उरलेलं यीस्ट ती साखर खायला लागतं. ब्रुअरीने ते आंबवण पूर्ण होऊ दिलं किंवा बाटली पाश्चराइझ केली तर प्रश्न नाही. साखर शिल्लक राहिली आणि बाटली उन्हाळ्यात गॅरेजमध्ये तापली, तर आतच पुन्हा आंबते, वायू साठतो आणि झाकण उघडल्यावर बाहेर येतो. म्हणून फळवाली बाटली दुकानात कुठे ठेवली होती ते बघा. फ्रीजमधली असेल तर उत्तम. खिडकीपाशी उन्हात मांडलेली असेल तर उचलू नका. २०१५ च्या बोर्बन काउंटीतल्याही काही बाटल्या जंतूंमुळे आंबट निघाल्या होत्या, कंपनीने पैसे परत केले आणि २०१६ पासून पाश्चराइझ करायला सुरुवात केली.

आता चवीचं. बोर्बन कायद्याने नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, म्हणून एकदा वापरलेली पिंपं बिअरवाल्यांना मिळतात. पिंप साधारण २०० लिटरचं. लाकडातल्या लिग्निन या घटकातून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास येतो, ओकमधल्या लॅक्टोन या द्रव्याचा वास ओल्या नारळाकडे झुकतो, आणि जळक्या थरातून करपलेल्या साखरेचा. त्यात स्टाऊटच्या भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) कॉफीसारखी कडवट चव. हे सगळं गोड आणि जड असतं. म्हणून फळ आंबटच लागतं. चिंचगुळाच्या आमटीत गुळाला चिंच धरून ठेवते, तसं रास्पबेरी किंवा आंबट चेरी त्या गोडव्याला आवरते. केळं, अंजीर, पीच ही फळं गोडात गोड मिसळतात, सहा जणांत दोघं तरी पेला खाली ठेवतील.

फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका. अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, १२–१४ अंश सेल्सियसवर येऊ द्या. गारठलेल्या स्टाऊटमध्ये पिंपाचा वास येतच नाही, नुसती कडू आणि चिकट लागते. काका, तुमचं बर्फाचं म्हणणं लागरला, म्हणजे नेहमीच्या फिक्या बिअरला, बरोबर आहे, इथे नाही.

जाऊबाईंसाठी लेबल वाचाच. गोडाच्या धाटणीच्या पुष्कळ स्टाऊटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधाची साखर घालतात. यीस्ट ती खात नाही, म्हणून ती तशीच राहते. लेबलवर नसेल तर ब्रुअरीला विचारून घ्या.

सुलेखा_ओकब्रुक
मृणालला +१. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायची, हे मी सांगणारच होते. आणि आंबट फळ.

४० डॉलरमध्ये बसणारी युक्ती देते. न्यू हॉलंडची ड्रॅगन्स मिल्क घ्या. मिशिगनचीच, बोर्बनच्या पिंपातली, ११ टक्के. चार बाटल्यांचा पॅक बहुतेक दुकानांत वर्षभर मिळतो. सोबत लिंडेमान्सची फ्रांबुआझ, बेल्जियमची रास्पबेरी लँबिक (आंबट बिअर), अडीचच टक्के. पेल्यात तीन भाग स्टाऊट आणि एक भाग फ्रांबुआझ. ताजी रास्पबेरी, गडद रंग, आणि अल्कोहोलही थोडं उतरतं. ज्याला आंबट हवं त्याने जास्त घालावं. आमच्याकडे दिवाळीच्या पार्टीत चकलीसोबत हे संपून गेलं.

बॅरलबहाद्दर
मिसळणं? एखाद्याने वर्षभर पिंप सांभाळायचं आणि आपण घरी सरबत करायचं? ब्रुअरने जे प्रमाण ठरवलंय ते ठरवलंय.

सुलेखा_ओकब्रुक
बोर्बन काउंटीसुद्धा अनेक पिंपांतली बिअर एकत्र करूनच भरतात ना? मिसळण्याला एवढं का घाबरायचं?

बॅरलबहाद्दर
ते ब्लेंडिंग. प्रशिक्षित माणूस करतो.

मृणाल_म
दोघांचंही खरं आहे, पण धागा नीताचा आहे. बॅरलबहाद्दर, तुमच्या २०१९ च्या मोन शेरीत आता चेरी किती उरली आहे? फळाचा वास सगळ्यात आधी जातो. वर्षभरात निम्मा उतरतो, नंतर नुसता मनुक्यांचा आणि शेरी वाइनचा सूर राहतो. साधी बोर्बन काउंटी पाच वर्षं ठेवा, फळवाली ताजी प्या.

बॅरलबहाद्दर
माझ्या तळघराचं तापमान वर्षभर स्थिर असतं. चेरी आहे अजून. या कधी, उघडू.

पुणेरी_पेला
अवांतर: डूलाली ही इथली ब्रुअरी २००९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आम्ही पुण्यात ताजी बिअर पितोय. पण लाकडात मुरवलेली जड स्टाऊट इथे क्वचित दिसते, आणि दिसली तरी दोन पेल्यांच्या किमतीत एक महिन्याचं पेट्रोल येतं. नीताताई, तुमचे दीर परत जाताना माझ्यासाठी एक बाटली आणतील का? माणशी दोन लिटरपर्यंत कस्टम्स लागत नाही. कपड्यांत गुंडाळून, मोठ्या बॅगेत.

डोंबिवली_ते_डेट्रॉइट
फळवाली बाटली बॅगेत घालू नका, काकांचं छत आठवा. साधी चालेल.

शॉमबर्गचे_काका
आणि फटाका बॅगेतच फुटला तर पैठणी जाईल ती वेगळी.

सुलेखा_ओकब्रुक
सोबत खायला काय द्यायचं ते कोणी लिहिलंच नाही. गोड नको, त्याने स्टाऊट कडू लागते. खारवलेले बदाम, ब्लू चीज, तिखटमिठाचे शंकरपाळे. फार तर काळ्या चॉकलेटचा एक तुकडा, ७० टक्क्यांच्या वरचा.

मृणाल_म
हो, आणि माप छोटं ठेव. अर्धा लिटर बाटली, १४ टक्के म्हणजे ७० मिली शुद्ध अल्कोहोल. इथल्या मोजणीने जवळजवळ चार पेग एका बाटलीत. सहा जणांत एक बाटली, प्रत्येकी ८० मिली, पुरते. वाइनचे ट्युलिपच्या आकाराचे पेले चालतील. गाडी चालवणाऱ्याने घोटच घ्यावा, गोडपणामुळे अल्कोहोल जिभेला कळत नाही.

बॅरलबहाद्दर
८० मिलीसाठी माणसं नाशिकहून बोलवायची?

नेपरविलची_नीता
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. इथे कोणी सुचवलं नव्हतं ते घेतलं आहे.

शनिवारी आमच्या जवळच्या एका लहान ब्रुअरीत गेले. बॅरलबहाद्दर, शिकागोचं मोठं नाव घ्यायचं नाही असं मनात नव्हतं, पण फळवाली नवी बाटली ब्लॅक फ्रायडेआधी मिळणार नाही, आणि दुकानात जी जुनी दिसली ती वरच्या फळीवर, दिव्याखाली होती. मृणालचं वाचल्यावर ती उचलवली नाही. सुलेखा, तुमची युक्ती घरी करून पाहिली, मला आवडली. पण भाऊजी विचारणार, हे कोणी केलं? त्यांना ज्याने पिंप भरलं त्याचं नाव सांगता यायला हवं.

त्या ब्रुअरीत मिशिगनच्या आंबट चेरीवर ठेवलेली स्टाऊट नळावर होती. १२ टक्के, पिंपात वर्षभर, चेरीवर दोन महिने. लॅक्टोज नाही, हे तिथल्या ब्रुअरनेच सांगितलं. आधी छोटा पेला चाखला. सुरुवातीला चेरीच्या बीसारखा किंचित बदामी वास, मग कोको, आणि गिळल्यावर गोड न राहता तोंड आंबट होऊन स्वच्छ होतं. अर्धा लिटरची एक बाटली २४ डॉलरला मिळाली. उरलेल्या पैशांत ब्लू चीज आणि बदाम.

आणि त्यांनी भाऊजींना पिंपांच्या खोलीत घेऊन यायला सांगितलं आहे. त्याचे पैसे नाहीत.

डोंबिवली_ते_डेट्रॉइट
चेरी! मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

शॉमबर्गचे_काका
लहान कंपनीची आहे, फ्रीजमध्ये ठेवा. गॅरेजमध्ये अजिबात नको.

मृणाल_म
उभी ठेव, आडवी नको. गाळ खाली बसेल. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू दे.

नवीन_सदस्य_इव्हॅन्स्टन
धागा वरवर वाचला. ४० डॉलरच्या जागी १२० केलेत तर प्रोप्रायटर्सच्या चार वर्षांच्या बाटल्या माझ्याकडे आहेत, हव्या असतील तर सांगा.