एडिटरला फाइल 'सुधारायला' सांगितलंय कुणी?

शाईची दौत
काल इथे एकाने ठणकावलं: 'प्लेन टेक्स्ट म्हणजे युटीएफ-८, बॉम नको, ओळीच्या शेवटी नुसता एलएफ. एडिटरने फाइल उघडतानाच तसं करून टाकावं आणि एन्कोडिंगचा मेनू कायमचा उडवावा.' (एडिटर म्हणजे नोटपॅडसारखा मजकूर लिहायचा प्रोग्राम; एन्कोडिंग म्हणजे कुठल्या अक्षराला कुठले बाइट ते ठरवायची पद्धत, युटीएफ-८ त्यातलीच एक; बॉम म्हणजे फाइलीच्या सुरुवातीचे ओळखीचे बाइट; एलएफ म्हणजे ओळ संपल्याची खूण.) खाली माना डोलावणाऱ्यांची रांग बघितली आणि राहवेना.

नवी फाइल युटीएफ-८ मध्येच सेव्ह व्हावी, यावर भांडण नाही. नोटपॅडलासुद्धा ही अक्कल २०१९ मध्ये आली. पण जुनी फाइल? आमच्या मंडळाच्या नव्वदच्या दशकातल्या स्मरणिका डीटीपीवाल्याच्या फॉन्टमध्ये आहेत. कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर, ते फक्त त्या फॉन्टला ठाऊक. एडिटर तो मजकूर विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचं जुनं एन्कोडिंग) समजतो आणि युटीएफ-८ करून ठेवतो. १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट फुगून दोन-तीन बाइटांचा होतो. त्यात १२५२ मध्ये पाच बाइटांना अर्थच दिलेला नाही. फॉन्टवाल्याने नेमकं तिथेच एखादं अर्धं अक्षर ठेवलं असेल, तर काही एडिटर प्रश्नचिन्ह टाकून मोकळे होतात. मग तो मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या कन्व्हर्टरने काय करायचं, कपाळ?

आणि एडिटरचा अंदाज किती बरोबर येतो म्हणता? विंडोज एक्सपीच्या नोटपॅडमध्ये 'बुश हिड द फॅक्ट्स' एवढंच लिहून सेव्ह करायचं आणि परत उघडायचं. चिनी अक्षरं नाहीतर चौकोन! साधी इंग्रजी ओळ त्याला युटीएफ-१६, म्हणजे दोन-दोन बाइटांची अक्षरं, वाटायची. इस्कीतली (भारतीय लिप्यांच्या जुन्या एन्कोडिंगमधली) फाइल मग काय डोंबल ओळखणार?

ज्या एन्कोडिंगमध्ये उघडली त्यातच सेव्ह करा. बदलायचं तर आधी विचारा. बास.

लिनक्सकर
आले स्मरणिकावाले! तुमच्या मंडळाच्या चार फाइलींसाठी आम्ही जन्मभर सीआर-एलएफ सोसायचं? सीआर म्हणजे टेलिटाइपचा गाडा डावीकडे न्या, एलएफ म्हणजे कागद एक ओळ सरकवा. गाडा गेला, कागद गेला, पण डॉसने सीपी/एमकडून उचललेलं हे जोडपं विंडोजमध्ये अजून नांदतंय. आमच्या टीममधल्या एका महाशयांनी स्क्रिप्टमधला एक स्वल्पविराम बदलला, तर गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) आख्खी फाइल लाल-हिरवी, म्हणजे प्रत्येक ओळ बदललेली. सर्व्हरवर चढवली तर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून चालेचना, कारण स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या शेपटाला न दिसणारा सीआर. रात्रभर आम्ही जागतोय आणि महाशय लोणावळ्याला. एडिटरने मुकाट एलएफ केलं असतं तर?

शाईची दौत
अहो, पण त्या महाशयांच्या एडिटरने नेमकं काय केलं? न विचारता ओळींचे शेवट बदलले! माझीच वकिली करताय. रेपोत (गिटमधल्या प्रकल्पात) ओळींचे शेवट ठरवून देणारी गिटअॅट्रिब्यूट्सची फाइल ठेवा आणि निवांत झोपा.

हिशेबनीस
'बॉम नको' म्हणणाऱ्यांनी एकदा सोसायटीचं खजिनदारपद घेऊन दाखवावं. सभासदांची यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत), शुद्ध युटीएफ-८. एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए. दुसरी वेलांटी, उकार किंवा जोडाक्षर आलं की जपानी येनचं चिन्ह. अध्यक्ष मीटिंगमध्ये विचारतात, 'मेंटेनन्स यापुढे येनमध्ये भरायचा का?' सुरुवातीला बॉमचे तीन बाइट घातले की तीच यादी सरळ उघडते. आणि डेटा-इम्पोर्टचं शहाणपण मला शिकवू नका, मी ते सत्तरीच्या सेक्रेटरींना शिकवून पाहिलंय.

लिनक्सकर
त्याच तीन बाइटांपायी पीएचपी (वेबसाइटींमागची प्रोग्रामिंग भाषा) 'हेडर्स ऑलरेडी सेंट' म्हणून बोंबलतं. पण बरं, सीएसव्हीपुरता घ्या तुमचा बॉम. एक्सेल सुधारायची वाट बघण्यात तुमची टर्म संपायची.

मुद्रितशोधक
बॉमबिम राहू द्या. काही एडिटरांत 'अदृश्य चिन्हं साफ करा' असं बटण असतं, ते कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं? लेखकाने लिहिलं 'सह्याद्रीच्या दर्‍या'. छपाईआधी कुणीतरी ते बटण दाबलं आणि पुस्तकात आलं 'सह्याद्रीच्या दर्या'. डोंगरात थेट समुद्र! र, हलन्त आणि त्यामागचा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) मिळून तो अर्धा र दिसतो. बटणाने झेडडब्ल्यूजे केर समजून झाडला. फोनवर बोलणी मी खाल्ली, बटणवाला नामानिराळा.

कीबोर्डबहाद्दर
मग 'ऱ' वापरा ना! इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डमध्ये) शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की येतो. ऱ, हलन्त, य. अदृश्य काहीच नाही, झाडणार काय?

मुद्रितशोधक
हे लेखकांना सांगा. एकाच हस्तलिखितात अर्ध्या दऱ्या तुमच्या पद्धतीच्या, अर्ध्या त्यांच्या. डोळ्याला तंतोतंत सारख्या, शोधायला गेलं की निम्म्याच सापडतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची रीत) या दोघींना एक मानत नाही. तीच गत अॅची. शाईच्या दौतीने वर 'गिटअॅट्रिब्यूट्स' लिहिताना अ टंकून त्यावर वेगळा चंद्र ठेवलाय. स्वतंत्र 'ॲ' युनिकोड ५.१ पासून, म्हणजे २००८ पासून आहे. शिवाय 'ऍ' लिहिणारे आहेतच. एक शब्द तीनदा शोधायचा.

कीबोर्डबहाद्दर
२००८ पासून आहे म्हणता आणि तक्रार आजही करता! तुम्हा लोकांना फोनेटिकची (उच्चाराप्रमाणे रोमनमधून टंकायची) चटक लागलीय, नीट टंकन शिकायचंच नाही.

मुद्रितशोधक
'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला हो? तुम्ही रांगत होतात तेव्हापासून प्रुफं वाचतोय.

हिशेबनीस
धागा एडिटरचा होता, आठवण करून देतो.

लिनक्सकर
शाईची दौत, घ्या, ठेवला तुमचा मेनू. झेडडब्ल्यूजे झाडणाऱ्या बटणाची बाजू मलाही घेता येत नाही. पण ओळींच्या शेवटांवर माघार नाही.

शाईची दौत
केवढे उपकार! अहो, खाली पट्टीवर 'सीआरएलएफ' दिसतं, तिथे क्लिक करून खुशाल बदला. फक्त स्वतःच्या फाइलीत.

कीबोर्डबहाद्दर
मुद्रितशोधक, हे घ्या, इनस्क्रिप्टने टंकलंय: 'दऱ्या'. आता दाबा ते बटण.

मुद्रितशोधक
दाबलं. टिकला. मान्य. आता उरलेल्या हस्तलिखितातल्या दर्‍या बदलायला तुम्ही कधी येताय?