युनायटेडचं वन-के स्टेटस : उरलेला टप्पा स्वतःच्या पैशाने गाठावा का?

एडिसनकर :
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी न्यू जर्सीत, क्लायंट डेन्व्हरला, त्यामुळे वर्षभर नेवार्कहून सोमवारी पहाटे जा आणि गुरुवारी रात्री परत ये असं चालू असतं. तिकिटं कंपनी काढते, पीक्यूपी, म्हणजे स्टेटससाठी मोजतात ते पॉइंट्स, माझ्या खात्यात जमा होतात. युनायटेड एअरलाइन्सचं प्लॅटिनम स्टेटस (सतत उडणाऱ्यांना मिळणारा दर्जा) झालंय आणि वरच्या वन-केला आता साधारण दोन हजार पीक्यूपी कमी पडतायत. २०२५ पासून त्यांनी आकडे वाढवलेत ना, वन-केला २२,००० पीक्यूपी आणि ६० फ्लाइट्स, नाहीतर मग नुसते २८,००० पीक्यूपी. फ्लाइट्स माझ्या भरल्यात, पीक्यूपीच अडलेत. डिसेंबरात प्रोजेक्ट बंद म्हणजे कंपनीचा प्रवास नाही. एक डॉलर भाडं म्हणजे एक पीक्यूपी आणि त्यात टॅक्स धरत नाहीत, म्हणजे खिशातून दोन हजारांपेक्षा जास्तच जाणार. ऑफिसमधले वन-केवाले म्हणतात अजिबात सोडू नकोस, प्लॅटिनम आणि वन-के यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बायको म्हणते त्याच पैशात आई-बाबांना उन्हाळ्यात प्रीमियम इकॉनॉमीने आणू. आम्ही चौघं दीड-दोन वर्षांनी पुण्याला जातो. ज्यांनी दोन्ही स्टेटस वापरलेत त्यांनी प्लीज सांगा, खरंच इतका फरक पडतो का?

ह्यूस्टनचा_सह्याद्री :
मी दोन्ही वापरलंय, सलग बरीच वर्षं वन-के होतो, आता परत प्लॅटिनमवर आहे. माझं स्पष्ट मत, कंपनीच्या प्रवासात आपोआप मिळत असेल तर उत्तम, खिशातून दोन हजार डॉलर घालून नाही.

का ते सांगतो. तुला जे रोजच्या रोज उपयोगी पडतं ते बहुतेक सगळं प्लॅटिनममध्येच आलेलं आहे. इकॉनॉमी प्लसच्या, म्हणजे पायाला जास्त जागा असलेल्या सीट्स बुकिंग करतानाच फुकट घेता येतात आणि त्याच बुकिंगवरच्या आठ जणांपर्यंत, म्हणजे तुम्ही चौघं आरामात बसता, नेवार्क-दिल्लीसारख्या लांबच्या फ्लाइटला मुलांना पाय पसरायला तेवढी जागा मिळाली तरी पुढचा दिवस वाचतो. तीन बॅगा प्रत्येकी ३२ किलोपर्यंत, हेही प्लॅटिनमलाच मिळतं. स्टार अलायन्स गोल्डही, म्हणजे युनायटेडच्या भागीदार एअरलाइन्सवर चालणारं स्टेटस, प्लॅटिनमच्या खालच्या गोल्डपासूनच, त्यामुळे लुफ्तान्झाने फ्रँकफर्टवरून मुंबईला गेलात किंवा एअर इंडियाने गेलात तरी चेक-इनची वेगळी रांग, जास्तीची बॅग, लाउंज हे सगळं आत्ताही आहेच.

मग वन-केला खरोखर जास्त काय, तर प्लसपॉइंट्स, म्हणजे वरच्या क्लासची सीट मागायला वापरायचे पॉइंट्स. प्लॅटिनमला ४० मिळतात, वन-के झालं की आणखी २८०. ऐकायला फार मोठा आकडा वाटतो आणि ऑफिसमधले लोक याच्याच जोरावर बोलत असणार. पण ते पॉइंट्स लावले म्हणजे वरच्या क्लासची सीट मिळालीच असं नाही, सीट तेव्हाच सुटली नाही तर वेटिंग लिस्टवर नाव जातं. एकट्या माणसाचं मंगळवारी ऑफ सीझनला क्लिअर होतं. चौघांचं, तेही शाळेच्या सुट्टीत, जेव्हा अख्खी एडिसन आणि पिस्कॅटवे देशात निघालेली असते, तेव्हा होत नाही. एअर इंडियावर ते चालत नाहीत, लुफ्तान्झावर चालतात पण स्वस्तातल्या तिकिटावर नाही. तू वर्षभर ज्या डेन्व्हरच्या फ्लाइट्स करतोस त्यावर फुकट अपग्रेड मिळायची शक्यता थोडी वाढेल, पण सोमवार सकाळच्या विमानात निम्मे लोक तुझ्यासारखेच कन्सल्टंट असतात, यादीत पाचव्याऐवजी तिसरा आलास तरी पुढे सीट एकच.

एक गोष्ट मात्र मनापासून मान्य करतो. फ्लाइट रद्द झाली की वरच्या स्टेटसची किंमत कळते. एकदा बर्फाच्या वादळात शिकागोला अडकलो होतो, काउंटरपुढची रांग पार पुढच्या गेटपर्यंत गेलेली, मी भिंतीला टेकून फोन लावला तर त्या बाईंनी मला विचारायच्या आत पुढच्या तीन फ्लाइट्स बघून ठेवल्या होत्या, सिनसिनाटीमार्गे रात्री घरी पोचवलं. पण प्लॅटिनमला फोन लावूनही मला कधी ताटकळावं लागलेलं नाही, फरक आहे पण दोन हजारांचा नाही.

मुळाकाठ :
पुण्यातून लिहितोय, त्यामुळे युनायटेडचे बारकावे माझ्यापेक्षा वरच्यांना जास्त माहीत. पण स्टेटसकडे बघताना एक विसरू नये, ते आपलं नसतं, एअरलाइनचं असतं. जेट १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उडालं. जेटप्रिव्हिलेजची कंपनी वेगळी होती म्हणून लोकांचे मैल वाचले, नंतर इंटरमाइल्स नाव झालं, पण ज्यांनी प्लॅटिनम टिकवायला वर्षानुवर्षं मुंबई-दिल्ली केलं त्यांच्या कार्डाला एका रात्रीत काही अर्थ उरला नाही. किंगफिशरचं २०१२ मध्ये तेच झालं. विस्तारावाल्यांचं नशीब बरं, १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा त्यांना तिकडच्या प्रोग्रॅममध्ये घेतलं.

आणि एअरलाइन बुडाली नाही तरी नियम बदलतात. २०२३ मध्ये डेल्टाने सगळ्यात वरच्या डायमंड स्टेटसची अट ३५,००० डॉलर खर्चावर नेली, लोक इतके भडकले की महिन्याभरात २८,००० वर आणावी लागली. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून जवळपास सगळं खर्चावर नेलं, गोल्डला २०,००० टिअर पॉइंट्स आणि एका पाउंडाला एक पॉइंट, म्हणजे स्वस्तात तिकीट शोधून भरपूर फिरणाऱ्याला आता तिथे गोल्ड मिळणं अवघडच. दर वर्षी पुढे सरकणाऱ्या रेषेमागे स्वतःच्या पगारातून का धावायचं?

इकडे डोमेस्टिकमध्ये तर मला अजिबात पटत नाही. दीड-दोन तासांची फ्लाइट, बहुतेक वेळा इंडिगो, आणि लाउंज क्रेडिट कार्डावर मिळतो.

सनीवेलची_मावशी :
मी थोडं वेगळं सांगते, बायकोच्या बाजूने. वन-के एका वर्षाचं, पण युनायटेडच्याच विमानांतून दहा लाख मैल झाले की मिलियन मायलर होतं, आयुष्यभर गोल्ड, आणि जोडीदारालाही तेच स्टेटस मिळतं. माझ्या नवऱ्याचं तसं झालंय. तो कधीच मुद्दाम उडाला नाही, नोकरीत फिरता फिरता झाले. त्यामुळे मी एकटी मुलीला घेऊन नागपूरला जाते तेव्हा जास्तीची बॅग माझ्या नावावर मिळते, लाउंजमध्ये एक पाहुणा चालतो म्हणून ती पण येते. असलं स्टेटस घराला उपयोगी पडतं. तुझं वन-के तुझ्यापुरतं, तू बरोबर नसशील तर आई-बाबांना, प्लसपॉइंट्स लावलेस तर तेवढं सोडून, त्याचा काही फायदा नाही.

आणि त्यांच्यासाठी खरं जे लागतं त्याला स्टेटस लागतच नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगायची, त्याचे पैसे नाहीत, माणूस चेक-इनपासून इमिग्रेशन पार करून बॅगांपर्यंत सोबत असतो. कनेक्शनला चार तास तरी ठेवायचे. आसनं पुढे-मागे नको, शेजारी-शेजारी आधी घेऊन ठेवायची. माझ्या सासूबाई गुडघ्यांच्या दुखण्यामुळे इकॉनॉमीत उतरल्यावर दोन दिवस आडव्या असायच्या, प्रीमियम इकॉनॉमीत पायाला आधार मिळाला तर दुसऱ्या दिवशी बाजारात आल्या. दोन हजार डॉलर तिथे घाल रे.

देरा_दुबई :
सनीवेलच्या ताईंशी सहमत. आमच्याकडे एमिरेट्सचं बघा, गोल्डला ५०,००० टिअर माइल्स, प्लॅटिनमला १,५०,०००. थेट तिप्पट. मी गोल्डवर कायम समाधानी आहे, लाउंज मिळतो, बॅग लवकर येते. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही, म्हणजे ते कार्ड बहुतेक दुसऱ्या एअरलाइन्सना दाखवून उपयोग नाही, आणि पुण्याला यायचं तर मुंबईला उतरून एक्स्प्रेसवेच धरावा लागतो. सगळीकडे असंच दिसतं की वरून दुसऱ्या पायरीवर बहुतेक सुखं आलेली असतात.

खिडकीची_सीट :
सगळेच नको म्हणतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी सहा फूट दोन इंच, एकटा फिरतो, आणि वन-केच्या प्लसपॉइंट्सवर नेवार्क-दिल्ली पोलारिसमध्ये, म्हणजे युनायटेडच्या बिझनेस क्लासमध्ये, आडवा झोपून गेलोय, तेही फेब्रुवारीत, आठवडाभर आधी क्लिअर झालं. तारखा हव्या तशा हलवता येत असतील तर त्या पॉइंट्सची किंमत दोन हजारांच्या वर जाते, खरंच. पुढच्या वर्षी एकट्याने भारतात जायचं ठरलं असेल तर विचार कर.

एडिसनकर :
सगळ्यांचे मनापासून आभार. एकट्याने जायचं काही नाही, गेलो तर चौघंच आणि शाळेच्या सुट्टीतच. दोन शंका. एप्रिलमधली भारताची तिकिटं आत्ता डिसेंबरात काढली तर ते पीक्यूपी यंदा धरतात का? आणि वन-के झाल्यावर अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरताना युनायटेड क्लबमध्ये, म्हणजे त्यांच्या लाउंजमध्ये, घेतात का, कारण डेन्व्हरला गुरुवारी संध्याकाळी बसायला खुर्ची मिळत नाही.

ह्यूस्टनचा_सह्याद्री :
पहिल्याचं उत्तर नाही. तिकीट कधी काढलं ते बघत नाहीत, विमानात कधी बसलास ते बघतात, एप्रिलची फ्लाइट पुढच्या वर्षाच्या खात्यात जाणार. उलट ते बरंच आहे, चार जणांच्या तिकिटांपैकी तुझ्या एकाचे पीक्यूपी जानेवारीपासूनच्या नव्या हिशेबात आधीच पडतील.

दुसऱ्याचंही नाहीच. युनायटेडचा स्वतःचा गोल्ड, प्लॅटिनम किंवा वन-के, देशांतर्गत प्रवासात क्लबमध्ये नुसत्या स्टेटसवर घेत नाहीत. एअर इंडियाचा किंवा लुफ्तान्झाचा गोल्डवाला त्याच दारातून आत जातो आणि आपण बाहेर. त्यासाठी क्लब मेंबरशिप नाहीतर त्यांचं ते महागडं क्रेडिट कार्ड घ्यावं लागतं. दर गुरुवारी डेन्व्हरला तास-दीड तास काढतोस तर त्या कार्डाचा हिशोब करून बघ, त्यावरच्या खर्चाचेही थोडे पीक्यूपी मिळतात. बाकी प्लॅटिनम आत्ता मिळालंय ते पुढचं अख्खं वर्ष आणि त्यानंतरच्या ३१ जानेवारीपर्यंत चालतं, तेव्हा एप्रिलच्या तिकिटांवर इकॉनॉमी प्लस आत्ताच घेऊन टाक, चारही सीट्स एका ओळीत मिळायला नंतर फार त्रास होतो.