दिवाळीच्या सुट्टीत पालकांचा शाळेशी संबंध कसा टिकवावा? (दुसरीचा वर्ग, घणसोली)

दुसरी_ब_घणसोली
नमस्कार मंडळी. महापालिकेच्या शाळेत दुसरीला शिकवते, वर्गात 36 मुलं. पालक बहुतेक एमआयडीसीत कंत्राटी कामाला, बऱ्याच आया घरकामाला जातात, काहीजण नाक्यावरच्या मजुरीवर. सहामाही झाली की निम्मी घरं गावी जातात आणि शाळा उघडल्यावर आठवडाभर वर्ग भरत नाही. जी मुलं इथेच राहतात त्यांच्या घरी शाळेचं नावही निघत नाही. गृहपाठाची वही दिली तर एकतर मोठी ताई लिहून देते, नाहीतर ती कोरी परत येते. अभ्यास लादायचा नाही. घरच्यांनी मुलासोबत काहीतरी करावं आणि ते वर्गात यावं, एवढंच हवंय. सभा कधी घ्यावी, मुलांना काय द्यावं, निरोप कसा पोचवावा?

निवृत्त_केंद्रप्रमुख
बाई, आधी सभेची वेळ ठरवा, विषय नंतर. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पहिली पाळी साधारण सात ते तीन, दुसरी तीनला लागते. घरकामाच्या बायका दोन ते चार मोकळ्या असतात. त्यामुळे सकाळी अकराची सभा कुणालाच सोयीची नाही, आणि मग आपण म्हणतो की पालक येत नाहीत. दोन छोट्या सभा घ्या: एक दुपारी सव्वादोनला शाळेत, दुसरी संध्याकाळी सातला वस्तीतच, समाजमंदिरात किंवा मंडळाच्या कार्यालयात. प्रत्येकी वीस मिनिटं. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी घेऊ नका, तेव्हा लोक खरेदीत किंवा खोपटच्या एसटी स्टँडवर असतात. चार-पाच दिवस आधी घ्या.

सभेत भाषण नको. मुलाला आईजवळ बसवा, धड्यातल्या चार ओळी तिला वाचून दाखवायला सांगा. आईला वाचता येत नसलं तरी मूल कुठे अडखळतंय ते तिला बरोबर कळतं. मग एकच वाक्य सांगायचं: 'सुट्टीत रोज एवढंच ऐका.' ऐकणं हे काम कुठल्याही पालकाला जमतं, शिकवणं जमेलच असं नाही.

निरोपासाठी शाळा व्यवस्थापन समितीला कामाला लावा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात, पण बऱ्याच ठिकाणी त्यांचं काम सहीपुरतंच उरतं. एकेका सदस्येला तिच्याच गल्लीतली सहा-सात घरं द्या. सूचनाफलकावर कागद लावण्यापेक्षा शेजारणीने दारात उभं राहून सांगितलेलं जास्त पोचतं.

गणित_पेटी
वही देऊ नका. एकच ए-फोर कागद दुमडून द्या, एका बाजूला दोन कामं, दुसरी बाजू कोरी, चिकटवण्यासाठी.

गावी जाणाऱ्यांसाठी एसटीच्या तिकिटासारखं साहित्य नाही. 5 ते 12 वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून महिलांनाही निम्मं, 75 च्या पुढच्या आजी-आजोबांना मोफत. म्हणजे आईचं आणि मुलाचं भाडं सारखं, दोन्ही मिळून बाबांच्या एका तिकिटाएवढं. दुसरीच्या मुलाला भागाकार करायला लावू नका. दोन अर्ध्या तिकिटांची बेरीज करून बाबांच्या तिकिटाशी ताडून बघू दे. चार-दोन रुपयांचा फरक निघाला तर मुलालाच वाहकाला विचारू दे. तिकिटं एकत्र निघाली तर प्रत्येकाचं भाडं वेगळं विचारून लिहून घ्यावं. महत्त्वाचं म्हणजे मशिनच्या तिकिटावरची छपाई पुसट होत जाते. सुट्टी संपेपर्यंत नुसताच पांढरा कागद उरतो, म्हणून आकडे त्याच दिवशी पेन्सिलने उतरवून ठेवायला सांगा. खासगी ट्रॅव्हल्सने जाणाऱ्यांना ही सवलत नसते. त्यांनी वाटेतल्या पाच गावांच्या पाट्या वाचून लिहाव्यात.

घरी राहणाऱ्यांसाठी शंकरपाळी. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप गरम करून विरघळवायचं आणि गार झाल्यावर मावेल तेवढा मैदा घालायचा, साधारण चार-पाच वाट्या. आधी अंदाज सांगायचा, मग प्रत्येक वाटीला कागदावर एक रेघ. आई भिजवते, मूल रेघा मारतं, आणि 'तू म्हणालास चार, लागल्या पाच' हे बोलणं आपसूक होतं. तळणीच्या जवळपास मूल नको, हे कागदावर ठळक लिहा.

मुंब्रा_वर्ग३
गणित पेटी, कल्पना छान आहे, पण शंकरपाळी छापली की दिवाळी न मानणारी घरं कागद तिथेच बाजूला ठेवतात. तूप आणि तळण प्रत्येक घराला परवडतंच असंही नाही. 'या सुट्टीत घरात जे बनेल ते: काय, किती वाट्या, कोणी केलं' एवढंच लिहा. रोजची खिचडीसुद्धा चालते, दोन वाट्या तांदूळ, अर्धी वाटी डाळ. दुसरं काम सणाऐवजी माणसावर ठेवा: घरातल्या मोठ्यांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट किंवा गाणं, त्यांच्या भाषेत, एक मिनिटभर. घणसोली-कोपरखैरण्याच्या आगरी घरांत एखादी आजी धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणणारी निघेल, कुणाकडे दखनी म्हणी निघतील, कुणाकडे भीमगीतं. ज्या भाषेला वर्गात कधी जागा मिळाली नाही ती घेऊन आई शाळेत येते, तेव्हा पुढच्या सभेला तिला बोलवावं लागत नाही.

निरोपाचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मजकूर टाकू नका. चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. रात्री साडेआठनंतर पाठवा, कारण स्मार्टफोन बहुधा वडिलांकडे असतो आणि दिवसभर कामावर असतो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर एक अडचण असते: तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप जातच नाही. सभेतच सगळ्यांकडून नंबर सेव्ह करून घ्या. ग्रुप असेल तर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करा, नाहीतर शुभेच्छांच्या चित्रांखाली शाळा उघडायची तारीख गाडली जाते. सुट्टीत दोनच निरोप, एक मधोमध, एक उघडायच्या आदल्या रात्री.

दुसरी_ब_घणसोली
'घरात जे बनेल ते' हेच छापते. वडिलांसाठी काही सुचतंय का? सभेला ते येतच नाहीत.

चौथीचे_सर
किल्ला. सभेला न येणारे वडील किल्ल्याच्या मातीत मात्र हात घालतात. गल्लीत एकच किल्ला करायचा, घरटी नाही. विटा-दगडांचा उतार, त्यावर चिखलात भिजवलेलं गोणपाट, वरून चाळलेल्या मातीचा हात. हिरवळीसाठी अळीव पेरायचा, पण तो भिजवू नका, गोळा होतो. ओल्या मातीवर कोरडाच भुरभुरा. तीन-चार दिवसांत उगवतो, म्हणून वसुबारसेच्या आधी पेरा. पाणी मगाने ओतलं की बी वाहून पायथ्याशी जमतं, हाताने शिंपडायचं. ऑक्टोबरात संध्याकाळी पाऊस येतोच, प्लास्टिकचा तुकडा हाताशी ठेवा. दुसरीच्या मुलांनी चिठ्ठ्या लिहायच्या: बुरूज, तट, माची, टाकं, दरवाजा. जुन्या वहीचा पुठ्ठा, खराट्याची काडी. बाबांनी बांधायचं, मुलाने नाव लावायचं. यात सण मानण्या-न मानण्याचा प्रश्नही फारसा येत नाही.

निवृत्त_केंद्रप्रमुख
उशिरा येणाऱ्यांबद्दल राहिलं. मुरबाड-शहापूर किंवा कोकणात शेती असलेली घरं भातकापणीला थांबतात. त्यांना रागावून उपयोग नाही, सभेतच परतीची तारीख विचारून लिहून घ्या. तारीख स्वतः सांगितली की माणूस ती पाळायला बघतो. जे महिनोन्‌महिने ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार आहेत त्यांना निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत मूल बसेल. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्यांना तोंडी सांगा. कित्येकांना ठाऊक नसतं.

सहामाहीचं प्रगतिपत्रक शाळा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी पालकाच्याच हाती द्या, त्याच वेळी मुलांनी सुट्टीत भरलेले कागद भिंतीवर लावलेले असू देत. ज्यांना येणं जमत नाही त्यांचं अडवून ठेवू नका, संध्याकाळी गल्लीतल्या सदस्येमार्फत पोचवा. आणि कोरा कागद आणणाऱ्या मुलालाही भिंतीवर जागा ठेवा, त्याने तोंडी सांगितलेलं तुम्ही तिथे लिहा.