मनःस्वास्थ्य: काम सरकारचे की समाजाचे?

तटस्थ
मनःस्वास्थ्यासाठी स्वतंत्र धोरण हवे, स्वतंत्र निधी हवा, अशी मागणी सतत कानावर येते. माणसे एकटी पडली आहेत हे खरे दुखणे आहे, आणि त्यावर कोणत्याही खात्याकडे औषध नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणाचे खाते एका मंत्र्याकडे सोपवले, तेव्हा मला हसूच आले होते. उलट झिंबाब्वेत आजीबाई बाकावर बसून लोकांचे ऐकून घेतात आणि लोक सावरतात. सरकारने बाजूला व्हावे आणि समाजाला त्याचे काम करू द्यावे.

जागरण
एरवी मी वाचून पुढे जातो; पण ‘सरकारने बाजूला व्हावे’ हे वाचून राहवले नाही. आपण ज्या बाकाचा दाखला दिलात, तो कोठे मांडलेला असतो हे पाहिलेत का? हरारेमध्ये २००६ साली डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने तो उपक्रम सुरू केला, त्यातील आजी आधीपासूनच आरोग्यसेवेशी जोडलेल्या होत्या, आणि बाक सरकारी दवाखान्यांच्या आवारात होते. ज्याची अवस्था गंभीर असेल त्याला पुढे पाठवण्याची सोय होती म्हणूनच त्या आजी निर्धास्तपणे ऐकू शकल्या. आपला साक्षीदार आपल्याच विरुद्ध बोलतो आहे.

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षे स्किझोफ्रेनियाशी झगडतो आहे. आमचे शेजारी खरोखर चांगले आहेत. तो रात्री घराबाहेर पडला तर माझ्याआधी तेच शोधायला धावतात. परंतु ज्या महिन्यात दवाखान्यातील गोळ्या संपलेल्या असतात, त्या महिन्यात शेजाऱ्यांच्या चांगुलपणाने त्याला ऐकू येणारे आवाज थांबत नाहीत.

सनदशीर
आजीबाईंचे कौतुक पुरे झाले. मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे. अनेक वर्षे शिकले, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केले, आणि मगच रुग्णासमोर एकटी बसले. आज आठवडाभराची कार्यशाळा करून कोणीही ‘समुपदेशक’ अशी पाटी लावतो. अशाच एकाने माझ्या एका रुग्णाला औषधे बंद करायला सांगितले होते. त्याला पुन्हा मार्गावर आणण्यात दीड वर्ष गेले. समाजाचा सहभाग या गोंडस नावाखाली आपण हेच वाढवणार आहोत का?

तटस्थ
म्हणजे दुःख ऐकायलाही आता परवाना लागणार! तज्ज्ञांना चिंता रुग्णांची आहे की आपल्या शुल्काची, असा प्रश्न पडतो.

सनदशीर
मी शुल्काबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही. दीड वर्षाबद्दल लिहिले, ते आपण सोयीस्करपणे वगळले.

जागरण
ताई, आपला राग समजतो. पण तो चुकीच्या दारावर आदळतो आहे. त्या आजींना समस्या सोडवण्याची ठरावीक पद्धत शिकवलेली होती आणि त्यांच्यावर देखरेख होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर बाकावर आलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे उरली होती. बाक न मिळालेल्या गटात हे प्रमाण ५० टक्के होते.

सनदशीर
देखरेख असेल तर माझी हरकत नाही. मात्र ती देखरेख करणाऱ्या माणसाला वेतन कोण देणार, हे कोणी लिहीत नाही. पाट्यांचा प्रश्न तर तसाच राहिला.

जुना कागद
आपण सारे उपचारांतच अडकलो आहोत. श्रीलंकेत १९९५च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. सरकारने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या दशकभरात ते निम्म्यावर आले. हे शेजारी करू शकले असते का?

तटस्थ
त्याने मृत्यू कमी झाले, दुःख नव्हे. आणि मनोरुग्णांना उंच भिंतींआड कोंडले कोणी? सरकारांनीच. त्या भिंती पाडायला इटलीत फ्रांको बासाग्लिया या मनोविकारतज्ज्ञासारखा माणूस उभा राहावा लागला, तेव्हा कुठे मनोरुग्णालये बंद करण्याचा १९७८चा कायदा झाला.

जुना कागद
टोकाचा तो क्षण निघून गेला, तर बहुतेक माणसे पुढे जगतात. मेलेल्या माणसाचे दुःख कमी करण्याची पद्धत आपल्याला ठाऊक असल्यास जरूर सांगावी.

जागरण
भिंतींबाबत आपले म्हणणे मला मान्य करावे लागते, आवडत नसले तरी. मात्र बासाग्लिया यांनी काम केलेल्या त्रिएस्ते शहरात मनःस्वास्थ्याची चोवीस तास उघडी केंद्रे उभी राहिली म्हणून तेथे तो कायदा तरला. जेथे ती वेळेत झाली नाहीत, तेथे सारा भार घरच्यांवर, बहुधा आईवर, येऊन पडला. भिंत पाडणे हेही धोरण आहे, आणि पाडल्यावर माणूस कोठे जाणार हे ठरवणे हेही.

तटस्थ
ठीक आहे. सरकारने गोळ्या पुरवाव्यात, विषे रोखावीत, केंद्रे उघडी ठेवावीत आणि देखरेख करणाऱ्याला वेतन द्यावे. एवढ्यावर मी माझे ‘बाजूला व्हावे’ मागे घेतो. मंत्र्यावर आलेले हसू मात्र माझ्याकडेच राहील.

जागरण
खुशाल राहू द्या. उद्या गोळ्यांचा दिवस आहे, मला पहाटे रांगेत उभे राहायचे आहे.

सनदशीर
आणि पाट्यांचे काय?