भाची 'अंतर्मुख' निघाली म्हणून दुकानात बसायचं नाही?

सातरस्ता_मामा: भाची नववीला आहे. क्लासवाल्यांनी पैसे घेऊन ती सोळा प्रकारांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली, रिपोर्ट आला अंतर्मुख, सल्ला काय तर कोडिंग नाहीतर रिसर्च. अहो ही पोरगी सुट्टीत बापाच्या चादरीच्या दुकानात बसते, गिऱ्हाईक तेलुगू बोललं की तेलुगू, कानडी बोललं की कानडी, भाव करताना दहा रुपये खाली येत नाही. टेस्टमध्ये प्रश्न होता 'पार्टीत अनोळखी लोकांशी स्वतःहून बोलता का', तर मला विचारते, मामा, पार्टी म्हणजे बारसं धरू का?

जुळेसोलापूर_मॅडम: चिडा, पण क्लासवर. मी हायस्कूलला शिकवते, टेस्ट नसली की काय होतं सांगू का, जास्त मार्क सायन्स, कमी मार्क कॉमर्स, झालं गायडन्स. जॉन हॉलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे सहा प्रकार बघा, १९५९ पासून चालत आलेत, त्यात हाताने काम करणं, शोध घेणं, कला, लोकांना मदत, धंदा, हिशोबी काम अशी आवड बघतात. पोरांना घरी सांगायला शब्द तरी मिळतात.

टॉवेल_हिशोब: मॅडम, तोच शब्द कागदावर छापून आला की घरचे देवाचा कौल समजतात. बोर्डाची दहावीची कल चाचणी २०१६ ला सुरू झाली, मी २०१८ ला दिली. माझं आलं गणवेशधारी सेवा. वजन ४८ किलो, वर चष्मा! आजोबांनी दोन वर्षं पहाटे होम मैदानावर पळवलं राव. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात अकाउंट बघतो, मजेत आहे.

जुळेसोलापूर_मॅडम: ती चूक आजोबांची, चाचणीची नाही.

टॉवेल_हिशोब: कागद नसता तर पळवलं असतं का?

पूर्वभाग_वाला: सोळा प्रकारवाली टेस्ट बनवली ती मायलेकींनी, मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून, दोघींचं मानसशास्त्राचं शिक्षण नव्हतं. आणि स्वभाव कळला तरी काम जमेल का हे त्यात कुठं कळतं बे? परत दिली तर बऱ्याच जणांचा प्रकारच बदलतो. मे महिन्यात पंधरा दिवस लॅबमध्ये नाहीतर कारखान्यात बसवा, समजेल.

जुळेसोलापूर_मॅडम: बसवा की, पण कुठल्या लॅबमध्ये ते ठरवायला आधी आवड विचारावी लागेलच ना.

सातरस्ता_मामा: हे भाचीला वाचून दाखवलं. म्हणाली, परत दिल्यावर प्रकार बदलला तर पहिले पैसे परत मागू का. हिला कोण अंतर्मुख म्हणतंय हो.