बर्फाची चकती कुणी कापलेली नसते

एकांनी विचारलंय की थंड देशांतल्या नदीत कधी कधी दिसणारी ती बर्फाची फिरणारी गोल चकती माणसांनी करवतीने कापली असणार, नाही तर इतकी गोल कशी? नाही हो, ती आपोआपच होते. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात, वेस्टब्रुक गावाजवळ प्रेसम्पस्कॉट नदीत साधारण ९० मीटर व्यासाची चकती फिरत होती. भोवऱ्यात अडकलेला बर्फ फिरता फिरता कडेच्या बर्फावर घासतो, कोपरे झिजतात, गोल होतो.

आम्ही रत्नागिरीकर. आमचा बर्फ म्हणजे बंदरावर मासळीसाठी येणाऱ्या लाद्या! पण पावसाळ्यात नदीच्या वळणावर फेस आणि पाचोळा गोल गोल फिरताना लहानपणापासून बघतोय, त्यामुळे भोवऱ्याचं म्हणणं लगेच पटलं.

मला खरं वेड लावलं ते पुढच्या गोष्टीने. प्रवाह नसला तरी चकती फिरते! बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. बर्फाखालचं पाणी थंड होत तिथवर आलं की खाली बुडतं, बुडताना भोवरा तयार होतो आणि तोच चकतीला फिरवतो. पाणी जितकं कोमट, तितकी गती जास्त. म्हणजे आपल्याकडच्या पाण्यात तर जोरातच फिरायला हवी. ताटलीत बर्फ गोठवून मोठ्या घमेल्यातल्या स्थिर पाण्यात अलगद सोडून बघा, वर एखादा तीळ ठेवा म्हणजे फिरणं कळेल.